मांजरानं डूख धरलाय का?

पाळीव प्राण्यांच्या वागण्याबद्दल सल्ला घ्यायला येणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो : "एवढं लाडानं वाढवलं, तरी मलाच का चावलं?" मध्यंतरी एक ताई असंच विचारत आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मांजरी एरवी मांडीवरून न उठणारी, पण दोनदा अंगावर आली. एकदा हाताला चावली, एकदा पोटरीला. घरच्यांचा निकाल लागलेला : "तिनं डूख धरलाय, देऊन टाका." ताईंना मात्र लागलं होतं ते वेगळंच. "चावली आणि लगेच दोन हात अंतरावर बसून पंजा चाटायला लागली हो! निर्लज्जासारखी."

लोक गोष्ट चाव्यापासून सुरू करतात, मला त्याच्या आधीचं हवं असतं. विचारत गेले तशी माहिती निघाली. मांजरी खिडकीत होती, शेपटी आपटत होती, कान मागे चिकटवलेले. घाबरली असेल म्हणून ताई उचलायला गेल्या, तो पहिला चावा. दुसऱ्यांदा त्या नुसत्या शेजारून गेल्या होत्या. आणि खिडकीबाहेर? "हां, एक बोका येतो हल्ली. पण तेव्हा तो कधीच निघून गेला होता!"

बोका गेला तरी राग जात नाही. मांजराची उत्तेजना उतरायला कधी काही तास लागतात, कधी एखादा दिवसही जातो. बोका काचेपलीकडे, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तेवढ्यात जवळून एक पोटरी जाते. वड्याचं तेल वांग्यावर निघतं, एवढंच. यात ताईंबद्दल काहीच नव्हतं. माणूस मनात अढी धरून बसतो, म्हणून आपण तसाच हिशेब मांजराच्या माथी मारतो.

राहिलं ते चाटणं. हल्ला करावा की पळावं, या दोन्ही ओढी सारख्याच जोराच्या झाल्या की प्राणी पुष्कळदा तिसरंच, त्या प्रसंगाशी संबंध नसलेलं काम करू लागतो. भांडणारे कोंबडे मधेच थांबून दाणे नसलेली जमीन टोचतात. स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशाचा नर आपल्या हद्दीच्या कडेवर शेजाऱ्यासमोर आला की डोकं खाली करून वाळू उकरायला लागतो. घरटं करताना उकरतो, तशी. निको टिनबर्गन यांनी अशा वागण्याचा बारकाईनं अभ्यास केला. प्राणिवर्तनाच्या संशोधनासाठी त्यांना 1973 साली कॉनराड लॉरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल मिळालं. ताईंच्या मांजरीचं पंजा चाटणं याच जातीचं. तिचा तोल सुटल्याची ती खूण होती, निर्लज्जपणाची नव्हे. हे सांगितलं तेव्हा ताई पहिल्यांदा जरा सैलावल्या.

मग त्यांनीच सहज सांगितलं, की हल्ली तिच्या पोटावरचे केस विरळ झालेत. हे मला चाव्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. पेच रोजचाच झाला की चाटण्याची सवय जडते आणि टक्कल पडेपर्यंत पोचते. पण त्वचारोग, पिसवा किंवा दुखण्यामुळेही असंच होतं. म्हणून आधी पशुवैद्य, मग मी. आणि ताईंनी स्वतः डॉक्टरकडे जायचं ते सगळ्यांच्याही आधी. मांजराचे दात अणकुचीदार असतात, जखम वरून बारीक दिसली तरी आत चिघळते, शिवाय रेबीजच्या लसीचं विचारावं लागतं.

पशुवैद्यांना दुखणं सापडलं नाही. उपाय साधेच निघाले. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धुरकट कागद लावला. बसायला उंच जागा दिली, पण दुसऱ्या बाजूला. ती पुन्हा फुगलेली दिसली तर हात लावायचा नाही, नजर रोखायची नाही. दिवा मालवून दार लोटायचं आणि तिला एकटं सोडायचं. ओरडणं, पाणी मारणं बंद. त्यानं तापलेलं मांजर आणखी तापतं, आणि या वेळी भीती खरोखरच तुमच्याशी जोडली जाते.

नंतर चावा झाला नाही. पोटावर केस यायला मात्र बराच वेळ गेला. सासूबाई अजून डुखाच्याच मतावर आहेत, पण मांजरी घरातच आहे. बोकाही येतोच, त्याला कोण अडवणार?