वाचकांचे प्रश्न : ‘द गॉडफादर’ची वही, आवाज आणि अंधार

मागच्या अंकातल्या ‘द गॉडफादर’वरच्या लेखानंतर खान्देशातून बरीच पत्रं आली. कादंबरी मारिओ पुझोची, १९६९ची. चित्रपट फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा, १९७२चा. गोष्ट न्यूयॉर्कमधल्या इटालियन माफिया घराण्याची : प्रमुख डॉन व्हिटो, आणि सनी, मायकेल ही त्याची मुलं. पत्रं लिहिणारे बहुतेक जण स्वतः लघुपट नाहीतर नाटक करणारे आहेत, म्हणून उत्तरंही करून बघता येतील अशीच दिली आहेत.

प्रश्न : आम्ही अहिराणीत लघुपट करतो. यंदा एका मराठी कादंबरीवर वीस मिनिटांचा करायचा आहे. कोपोलाने पुस्तकाची पानं सुटी करून वही केली होती, असं वाचलं. ती नेमकी कशी होती? आम्हाला जमेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : जमेल, आणि कॅमेरा भाड्याने आणण्याआधी करा. त्या चित्रपटाचं खरं काम या वहीत झालं. पटकथा हाताशी असूनही सेटवर आपण वहीवरूनच दिग्दर्शन करत होतो, असं कोपोलाने सांगितलं आहे.

ही रीत नाटकवाल्यांची. कोपोलाने कादंबरीची बांधणी सोडवली, मोठ्या कागदात मधोमध खिडकी कापली आणि तिच्यात एकेक पान चिकटवलं. त्यामुळे पान दोन्ही बाजूंनी वाचता येतं आणि चहूबाजूंनी लिहायला जागा मिळते. तुम्ही ए-थ्री कागद घ्या. पुस्तकाचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच असेल तर खिडकी पाच बाय आठची कापा, म्हणजे चारही कडांना पाव इंच चिकटवायला मिळतो. पातळ डिंक वापरू नका, पान सुरकुततं. काडीचा गोंद बरा. कागद फाइलला लावायला पाडलेल्या भोकांना कड्या लावा, नाहीतर आठवडाभर चाळून कागद फाटतात. पुस्तक वाचनालयाचं असेल तर झेरॉक्स काढा. मग खिडकीही नको, एका बाजूला चिकटवलं की झालं.

त्यानंतर त्याने कादंबरीचे पन्नास प्रसंग पाडले आणि प्रत्येकासाठी पाच मथळ्यांखाली टिपणं केली : प्रसंगाचा सारांश, काळ, प्रतिमा आणि सूर, गाभा, धोके. ‘काळ’ हा मथळा वरवरचा नव्हता. स्टुडिओला खर्च वाचवायला गोष्ट सत्तरच्या दशकात आणायची होती. कोपोला १९४० च्या दशकावर अडून बसला, कारण महायुद्धावरून परतलेला मायकेल हाच गोष्टीचा कणा आहे. ‘धोके’मध्ये प्रसंग कुठे फसेल ते लिहायचं, इटालियन माणसं नकली हेल काढून बोलायला लागली तर सगळं हास्यास्पद होईल, अशी नोंद त्याने करून ठेवली होती. तुमच्या वहीत अहिराणीबद्दल हीच नोंद असू द्या. बोली विनोदापुरती राहिली की गंभीर प्रसंगातही प्रेक्षक हसतो.

सर्वांत अवघड मथळा गाभ्याचा. तिथे एकच वाक्य लिहायचं. दोन लागत असतील तर प्रसंग दोन आहेत, किंवा तुम्हाला अजून कळलेला नाही. वीस मिनिटांना सात-आठ प्रसंग पुरतात. पाहुणा म्हणून आलेली पात्रं, मनातले विचार आणि लेखकाची सुंदर वर्णनं सोडवत नाहीत, तिथेच लघुपट चाळीस मिनिटांचा होतो.

लेखकाची लेखी परवानगी आधी घ्या. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतो.

प्रश्न : पुस्तक आधी वाचावं की चित्रपट आधी पाहावा? पुझोचा टोळीवाल्यांशी खरंच संबंध होता का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : चित्रपट आधी पाहा. मग पुस्तकातलं किती काय गाळलं ते दिसतं, आणि शिकण्यासारखं तेच आहे. गायक जॉनी फॉन्टेनचं लांबलचक उपकथानक चित्रपटात दोन-चार प्रसंगांत संपतं. सनीची प्रेयसी लूसी मॅन्चिनी हिचं पुढचं आयुष्य पूर्ण गेलं. व्हिटोचं तरुणपण बाजूला ठेवलं आणि १९७४ च्या दुसऱ्या भागात वापरलं. उरले बाप आणि त्याची मुलं.

पुझोने टोळीवाल्यांमध्ये वावरून लिहिलेलं नाही; सगळं वाचून, ऐकून, माहिती जमवून लिहिलं. आधीच्या दोन कादंबऱ्यांची वाहवा झाली पण पैसा मिळाला नाही, डोक्यावर जुगाराचं कर्ज होतं, आणि प्रकाशकाने पाच हजार डॉलर आगाऊ दिले. डॉनच्या तोंडचं बोलणं आपल्या आईच्या बोलण्यावरून घेतलं, असं तो सांगत असे. म्हणूनच तो माणूस घरातला वाटतो.

उलटंही झालं आहे. शेवटाकडे बागेत म्हातारा डॉन मायकेलला सावध करतो आणि ‘तुझ्यासाठी हे नको होतं’ असं सुचवतो, तो प्रसंग पुस्तकात नाही. चित्रीकरण चालू असताना पटकथाकार रॉबर्ट टाउनकडून तो लिहून घेतला. बाप-लेकाचं नातं उघड बोलून दाखवणारा एकही प्रसंग नव्हता, ती उणीव त्याने भरली.

प्रश्न : हॉटेलातल्या खुनाच्या प्रसंगात आगगाडीचा आवाज कानठळ्या बसवतो, पण गाडी कुठे दिसत नाही. ही चूक आहे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : चूक नाही, चित्रपटातली सर्वांत धीट जागा आहे. इथे मायकेल शत्रू टोळीवाला सोलोझो याला समोरासमोर बसून गोळी घालतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या त्या भागात डोक्यावरून लोहमार्ग जातो, तेवढा आधार आवाजाला पुरतो. ध्वनीचं काम वॉल्टर मर्चने पाहिलं. सोलोझो इटालियनमध्ये बोलतो, खाली भाषांतर येत नाही, म्हणून आपण शब्द सोडून मायकेलचे डोळे बघतो. ते भिरभिरतात आणि चाकांचा किंचाळता आवाज चढत जातो. संगीत अजिबात नाही; पिस्तूल हातातून पडल्यावरच ते सुरू होतं.

भुसावळला तुमच्या दारातच हा आवाज आहे. फाटकाबाहेरून, रेल्वेच्या हद्दीत न शिरता, वळणावर घासणाऱ्या चाकांचा आवाज रेकॉर्ड करा. सरळ रुळावरची गाडी नुसती धडधडते. माइकला वाऱ्यासाठी स्पंज हवाच. प्रसंगात आवाज वीस-तीस सेकंदांत हळूहळू चढवा, गोळीवर एकदम तोडा. सुरुवातीपासून मोठा ठेवला तर कान सरावतो आणि परिणाम जातो.

प्रश्न : डॉनच्या खोलीतला अंधार मोबाइलवर जमत नाही. चित्र करडं आणि दाणेदार येतं.
– एक वाचक, धुळे

उत्तर : छायालेखक गॉर्डन विलिसने प्रकाश वरून टाकला, कारण डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोच्या म्हातारपणाच्या मेकअपला तोच मानवत होता. डोळे सावलीत गेले आणि डॉनच्या मनात काय चाललंय ते कळेनासं झालं, तेच कामाला आलं. हा अंधार खुलतो तो बाहेरच्या उन्हातल्या लग्नामुळे. नुसता अंधार दहा मिनिटं दाखवला तर प्रेक्षक ब्राइटनेस वाढवतो.

चार बाय चार फुटांच्या चौकटीवर मांजरपाटाचे दोन थर ताणा, वर पिवळसर प्रकाशाचे नऊ वॅटचे तीन एलईडी बल्ब लावा, चौकट बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तीन फुटांवर टांगा. चारी बाजूंनी फूटभर काळं कापड सोडा, नाहीतर भिंती उजळतात आणि चित्र करडं होतं. दाणे येतात ते मोबाइल स्वतःहून आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो म्हणून. एक्स्पोजर कपाळावर ठरवून लॉक करा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बल्ब लुकलुकणार नाहीत.

प्रश्न : नाटकात म्हातारा करताना गालात कापूस ठेवावा का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : नाही. ब्रँडोने गाल फुगवले ते चाचणीपुरते. चित्रीकरणात खालच्या दातांवर बसणारी खास पट्टी होती. कापूस भिजतो, शब्द चिकटतात आणि घशात जाण्याची भीती असते. सुरकुत्यांसाठी मेकअपमन डिक स्मिथची रीत घ्या : त्वचा बोटांनी ताणायची, स्पंजने द्रव लॅटेक्स टिपायचं, सुकलं की पावडर लावून मग सोडायची. भुवयांना आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर केस उपटून येतात. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज सुटली तर नको.

प्रश्न : सनीला टोलनाक्यावर गोळ्या लागतात तसं घरच्या घरी कसं करता येईल?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : तो प्रसंग लाँग आयलंडवरच्या बंद पडलेल्या विमानतळावर चित्रित झाला, आणि सनी झालेल्या जेम्स कानच्या अंगावर गोळी लागल्यासारखे फुटणारे शंभराच्या वर छोटे बार बांधले होते. ते तज्ज्ञांचं काम. फटाक्याची दारू अंगाजवळ आणू नका. साठ मिलिलिटरची सिरिंज आणि मत्स्यटाकीची चार मिलिमीटर नळी घ्या. शर्ट आतून पॉलिश पेपरने घासून विरवा, फुलीसारखा कापा, नळीचं तोंड तिथे टेपने चिकटवा आणि कॅमेऱ्याबाहेरून दाबा. रक्ताला साखरेचा पातळ पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. पाक घट्ट झाला तर नळी तुंबते. एकाच मापाचे तीन शर्ट ठेवा, डाग जात नाहीत.