ट्रायलमध्ये सगळं चालत होतं, व्हीस्फिअर स्टँडर्डची की टाकल्यावर डीआरएस गायब झालं, सॉफ्टवेअर बिघडलं का?

नाही हो, काही बिघडलेलं नाही, आणि कृपा करून रीइन्स्टॉल करत बसू नका. व्हीस्फिअर म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर. तुम्ही लिहिलंय की तीन होस्ट (म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर), ते एकत्र सांभाळणारं व्हीसेंटर, दीड महिना सगळं झकास, मग विकत घेतलेली स्टँडर्डची की टाकली आणि व्हीएम आपोआप हलवणारं डीआरएस गेलं, वर डिस्ट्रिब्युटेड स्विचच्या (सगळ्या होस्टचा मिळून एक आभासी नेटवर्क स्विच) नावाने एरर. हे अगदी ठरल्याप्रमाणे झालंय, फक्त तुम्हाला कोणी आधी सांगितलं नाही.

होस्टवर बसणाऱ्या ईएसएक्सआयची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) एकच असते. स्टँडर्डवाल्याला वेगळी सीडी आणि एंटरप्राइज प्लस या वरच्या एडिशनवाल्याला वेगळी, असं काही नाही. पाच-पाच अक्षरांचे पाच गट असलेली ती जी की आपण टाकतो ना, ती ठरवते कुठली दारं उघडी आणि कुठली बंद. ट्रायलचे 60 दिवस सगळी दारं उघडी असतात, म्हणजे तुम्ही दीड महिना खरं तर एंटरप्राइज प्लस वापरत होतात आणि पैसे भरले स्टँडर्डचे. लग्नाच्या पंगतीत जेवून आल्यावर घरचा वरणभात पुढ्यात आला की कसं वाटतं, तसं झालंय.

आता डीआरएस गेलं म्हणजे नक्की काय गेलं ते बघा, कारण इथे बरेच जण उगाच घाबरतात. चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं हे व्हीमोशन, ते स्टँडर्डमध्ये आहे, स्टोरेज व्हीमोशनसुद्धा (व्हीएमची डिस्क हलवणं) आहे. होस्ट मेला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप चालू होणं हे एचए, तेही आहे. डीआरएस म्हणजे लोड बघून कुठली व्हीएम कुठे हलवायची हे स्वतः ठरवणारा मुनीम. तो गेलाय, हमाल आणि गाडी दोन्ही जागेवर आहेत. तीन होस्ट आणि वीस-पंचवीस व्हीएम असतील तर माझ्या मते तुम्हाला मुनीम लागतच नाही, त्यासाठी वरच्या एडिशनचे पैसे मोजू नका. फक्त दोन सवयी लावून घ्या. एक, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकताना व्हीएम आता आपोआप दुसरीकडे जाणार नाहीत, आधी हाताने हलवा, नाहीतर ते टास्क टक्केवारी दाखवत अडकून बसेल आणि तुम्ही चहा पिऊन याल तरी तिथेच. दुसरं, दोन डोमेन कंट्रोलर (ऑफिसचं लॉगिन सांभाळणाऱ्या व्हीएम) एकाच होस्टवर नकोत असे नियम लावले असतील तर ते डीआरएसचे होते, आता ते लक्ष तुम्हीच ठेवायचं.

खरी गडबड स्विचची आहे. डिस्ट्रिब्युटेड स्विचसुद्धा स्टँडर्डमध्ये नाही. पण तुमचे 60 मधले साधारण 15 दिवस शिल्लक असतील, तर होस्ट परत इव्हॅल्युएशन मोडमध्ये (म्हणजे ट्रायलवर) टाकता येतो, उरलेले दिवस वापरायला मिळतात. ते करा, मग प्रत्येक होस्टवर साधा स्टँडर्ड स्विच बनवा, तेच व्हीलॅन नंबर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यांचे) देऊन पोर्ट ग्रुप, म्हणजे व्हीएम जोडायच्या जागा, बनवा, एक नेटवर्क कार्ड तिकडे न्या, व्हीएम हलवा, मॅनेजमेंटचा पोर्ट हलवून पिंग बघा आणि मगच दुसरं कार्ड न्या. दोन्ही कार्डं एकदम काढलीत तर सर्व्हर रूममध्ये मॉनिटर घेऊन जायची वेळ येते, स्वानुभव. एक होस्ट पूर्ण करून मगच पुढचा. रिसोर्स पूल (सीपीयू-मेमरीचे वाटे) बनवले असतील तर त्यांची नोंद करून ठेवा, डीआरएस बंद केलं की ते पूल उडतात. एवढं झाल्यावर की टाका.

आणि ते 60 दिवस संपू देऊ नका. आमच्या भोसरीच्या ऑफिसात ज्याने सेटअप करून दिला त्याने ट्रायलवरच सोडून दिलं होतं, 60 दिवस उलटले तरी चालू व्हीएम चालूच राहतात त्यामुळे कोणाला पत्ताच नाही, मग एका गुरुवारी एमआयडीसीची लाईट गेली, यूपीएस संपला, लाईट आल्यावर होस्ट उठले पण एकही व्हीएम पॉवर ऑन होईना. कारण मुदत संपल्यावर बंद पडलेली व्हीएम परत चालू करता येत नाही. टॅलीवाले सगळे माझ्या टेबलाभोवती. असो.

अजून एक गोष्ट, फीचर "आहे" म्हणजे सारखंच आहे असं नसतं. फॉल्ट टॉलरन्स (होस्ट मेला तरी व्हीएम न थांबता चालू राहणं) स्टँडर्डमध्येही आहे, पण व्हीएमला 2 व्हीसीपीयूपर्यंतच (व्हीएमला दिलेले आभासी सीपीयू), प्लसमध्ये 8. फुकटचा ईएसएक्सआय 2024 च्या सुरुवातीला बंद करून 2025 मध्ये परत आणला, पण तो व्हीसेंटरला जोडता येत नाही आणि बॅकअप सॉफ्टवेअरला आत शिरायला लागणारा दरवाजा (एपीआय) त्यात उघडा नसतो, त्यामुळे ट्रायलमध्ये मस्त चालणारा बॅकअप फुकटची की टाकली की फेल. मग प्रत्येक व्हीएमच्या आत एजंट टाकत बसा.

नूतनीकरणाआधी कोअर मोजून ठेवा. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं, आता सबस्क्रिप्शन आणि तेही कोअरवर, दर सीपीयूला कमीत कमी 16 कोअर धरतात. तुमच्या तीन होस्टमध्ये 8 कोअरचे दोन-दोन सीपीयू असतील तर खरे कोअर 48, पण बिल 96 चं. जुन्या सर्व्हरवाल्यांना हे फार लागतं.

दुसरीकडे जायचा विचार असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) एडिशनची ही भानगडच नाही, पैसे भरा न भरा फीचर सगळे तेच, सबस्क्रिप्शन सपोर्टसाठी आणि एंटरप्राइज रिपॉझिटरीच्या अपडेटसाठी. पण फक्त डीआरएससारखं काही हवं म्हणून तिकडे जाऊ नका. विंडोज सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही घेतलंत तर हिशोब वेगळा, स्टँडर्डच्या एका लायसन्समध्ये दोनच विंडोज व्हीएम बसतात, डेटासेंटरमध्ये हव्या तेवढ्या. एडिशनचं नाव "स्टँडर्ड" दोन्हीकडे, अर्थ भलताच.

आज एवढं करा, व्हीस्फिअर क्लायंटमध्ये ॲडमिनिस्ट्रेशनखाली लायसन्सिंग उघडा, तिथे ॲसेट्समध्ये होस्टवर कुठलं लायसन्स आहे आणि त्यात कुठले फीचर आहेत ते दिसेल. त्याचा स्क्रीनशॉट आणि एका होस्टला किती नेटवर्क कार्डं आहेत ते कमेंटमध्ये टाका, कीचे आकडे खोडून. कार्डं दोनच असतील तर स्विच हलवायचा क्रम मी नीट लिहून देतो, चार असतील तर काम सोपं आहे.