'बचाव' केविलवाणा नाही

दादरच्या एका वाचकांनी विचारलं आहे : क्लाउझेवित्स या जर्मन युद्धविचारवंतावर मराठीत टिपण लिहितोय. 'अटॅक' आणि 'डिफेन्स'साठी 'आक्रमण-संरक्षण' घ्यावं की 'चढाई-बचाव'? 'बचाव' फार केविलवाणा वाटतो. आणि युद्धाचं 'पोलिटीक'शी नातं सांगणाऱ्या त्याच्या त्या प्रसिद्ध वाक्यात 'राजकारण' हा शब्द चालेल का?

बिनधास्त 'चढाई-बचाव' घ्या.

'आक्रमण' आज नुसतं लष्करी राहिलेलं नाही, त्यात आरोप आलाय. शत्रू आक्रमण करतो, आपली मात्र मोहीम असते. क्लाउझेवित्सला दोष द्यायचा नाही, प्रकार सांगायचाय. 'संरक्षण' तर आता खात्याचं नाव झालंय, आणि त्या खात्यात रणगाडेही येतात.

राहिला 'बचाव'. तो केविलवाणा वाटत असेल तर नायगाव-लालबागकडचा एखादा कबड्डीचा सामना बघा. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून येतो, कोपऱ्यातला गडी जागचा हलत नाही. नजर फक्त त्याच्या पायांवर. तो बोनस रेषेकडे सरकला, एक पाय हवेत गेला की घोटा धरलाच! पकड पूर्ण होते तेव्हा बाकीचे सहाही त्याच्या अंगावर असतात. हा बचावच आहे. क्लाउझेवित्स नेमकं हेच म्हणतो : बचाव म्हणजे वाट पाहणं, आणि मग नेमका फटका. उद्देश नकारात्मक, म्हणजे असलेलं टिकवायचं. पण युद्धप्रकार म्हणून चढाईपेक्षा बळकट. 1832 साली, त्याच्या मृत्यूनंतर पत्नी मारीने छापून आणलेल्या ग्रंथातलं हे मत आजही लोकांना उलटं वाटतं. त्यात तुमच्या 'केविलवाण्या' शब्दाचा काय दोष?

चढाई पुढे जाते तशी तिची ताकद झिजते, आणि एका टप्प्यानंतर उलटा तडाखा बसतो, हाही त्याचाच मुद्दा. त्याला 'परमोच्च बिंदू' वगैरे म्हणण्यापेक्षा मी 'दम तुटण्याची जागा' म्हणेन. पानिपतावर रसद तुटलेल्या फौजेची आठवण असलेल्या वाचकाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

मूळ जर्मन शब्दांत एक गंमत आहे. चढाईला 'आंग्रिफ', त्यातला धातू 'पकडणे' या अर्थाचा. आपल्याकडे पकड नेमकी बचावाच्या वाट्याला आली. बचावाला 'फेरटायडिगुंग', आणि त्याचं मूळ कोर्टातलं, खटल्यात बाजू मांडण्यातलं. आपल्याकडेही 'बचाव पक्षाचे वकील' असतातच की.

'राजकारण'बद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. जर्मन 'पोलिटीक'मध्ये धोरणही आलं आणि सत्तेचे डावपेचही. आपलं राजकारण आता सोसायटीच्या सभेपर्यंत घसरलंय. पण 'मुख्य हरिकथा निरूपण । दुसरें तें राजकारण' म्हणणाऱ्या समर्थांचा शब्द त्याहून भारदस्त होता, आणि 'धोरण' घेतलं तर वाक्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. तेव्हा 'राजकारण'च ठेवा. फक्त 'युद्ध म्हणजे वेगळ्या साधनांनी चालवलेलं राजकारण' एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या एका जागी तो इतर साधनं 'मिसळून' असं म्हणतो. म्हणजे तोफा सुरू झाल्या म्हणून राजदूत आणि खलिते बंद होत नाहीत. तिथे 'राजकारणात इतर साधनांची भर' असं लिहा.