जुन्या टेरेस्ड घराच्या मधल्या खोलीत उजेड कसा आणावा?

आपण लंडनमध्ये १८९० च्या सुमाराचे टेरेस्ड, म्हणजे शेजारच्या घरांना जोडून ओळीत बांधलेले, घर घेतले आहे, त्याच्या मधल्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि मागची भिंत काढून काचेची दारे बसवली तर हा अंधार जाईल का, असे आपण विचारले आहे. पूर्व लंडनमधील अशाच एका घरात मी बारा वर्षे राहतो आणि त्याचे काम रोज समोर उभे राहून करून घेतले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की केवळ मागच्या दारांनी मधली खोली उजळणार नाही. बांधकाम चुकीच्या जागी वाढवले तर ती आणखी काळोखी होईल.

या घरांच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्यामुळे उजेडाला पुढून आणि मागून एवढीच वाट असते, आणि मागे स्वयंपाकघराचा अरुंद भाग परसात पुढे आलेला असल्यामुळे मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी त्याच्या कडेच्या बोळात उघडते. हा बोळ, ज्याला इथे साइड रिटर्न म्हणतात, तो पूर्ण झाकून स्वयंपाकघर रुंद करण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. आम्हालाही पहिल्या कंत्राटदाराने तोच आराखडा दिला होता, आणि त्यात मधल्या खोलीची खिडकी आकाशाऐवजी नव्या स्वयंपाकघरात उघडत होती. आम्ही तो नाकारला, खिडकीलगतचा सुमारे दीड मीटर बोळ उघडाच ठेवला, त्याच्या भिंतींना पांढरा रंग दिला आणि खिडकीची चौकट जमिनीपर्यंत उतरवून तिथे काचेचे दार केले. घरात सगळे त्या जागेला चौकच म्हणतात, आणि वाड्यातला चौक जे काम करतो तेच ती करते.

उरलेल्या बोळावर मात्र उतरते छप्पर घालून त्यात झरोके बसवले. पूर्ण ढगाळ आकाश माथ्यावर क्षितिजाच्या सुमारे तिप्पट तेजस्वी असते, आणि लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी जेमतेम १५ अंश वर येत असल्यामुळे तो बहुधा समोरच्या घरांच्या ओळीमागेच राहतो. म्हणून हिवाळ्यात जो काही उजेड मिळतो तो मुख्यतः वरूनच घ्यावा लागतो. जूनमध्ये हाच सूर्य ६२ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा निदान एक झरोका उघडणारा असावा. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार वाढीव भागातील काच साधारणपणे त्याच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्के, अधिक बुजलेल्या जुन्या दारे-खिडक्यांइतकी चालते; त्याहून अधिक हवी असल्यास उष्णतेचा हिशेब सादर करावा लागतो.

सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक जिन्यावरच्या झरोक्याने पडला. छपराच्या मागच्या पाख्यात तो बसवताच खालचा बोळकांडीसारखा प्रवेशमार्ग प्रथमच दिव्याशिवाय दिसू लागला. त्याच सुमारास खोल्यांच्या दारांवरील प्लायवूडच्या फळ्या काढल्या, तर रंगाच्या थरांखाली जुन्या रेघांच्या काचेची तावदाने शाबूत निघाली! साबणाच्या पाण्याने पुसल्यावर सकाळी त्यांतून समोरच्या भिंतीवर फिकट पट्टे पडू लागले. आपल्याही दारांवर अशी फळी असल्यास आधी ती काढून पाहा. पोटमाळ्यावर खोली काढणार असाल, तर मात्र जिन्याकडील काच आगरोधक लागते.

सामाईक भिंतीत लोखंडी तुळई घुसवायची असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांना दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्यांच्या घरापासून तीन मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल तर एक महिना आधी. घर संरक्षित परिसरात आहे का, हे कौन्सिलकडून प्रथम लेखी घ्या.

आपल्या बोळाची रुंदी आणि मागच्या बाजूची दिशा कळवल्यास झरोके नेमके कुठे घ्यावेत हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.