पहिला गॅस सेन्सर जोडताना

एमक्यू-१३५ हा हवेतले वायू टिपणारा सेन्सर घेतलास ते बरं केलंस. स्वस्त आहे, शिकायला पुरतो. फक्त एवढं सांभाळ:

- नवा सेन्सर निदान २४ तास ५ व्होल्टवर तापू दे. आत हीटर असतो, गरम लागला तर घाबरू नकोस.
- वायू नेमका कोणता, ते तो ओळखत नाही. अमोनिया, धूर, अल्कोहोल, सगळ्यांनाच दचकतो. शेजारी फेणीची बाटली उघडून बघ! म्हणून ‘पीपीएम’ (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) लिहायची घाई नको. आकडा चढतो की उतरतो एवढंच बघ. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात तर नुसत्या दमटपणानेही तो हलतो, सोबत आर्द्रतेचा सेन्सर हवाच.
- सेन्सर ठेवायचा डबा सिलिकॉनने चिकटवू नकोस. त्या वाफेने सेन्सर बाद होतो.

वास्कोच्या बंदरावरची कोळशाची धूळ याला कळत नाही, तिला वेगळा सेन्सर लागतो. कॅलिब्रेशनचं, म्हणजे आकडे खऱ्या मापाशी जुळवायचं, नंतर बघू.