शोल्डर रिग घ्या, पण सेट नको आणि हप्ताही नको

प्रश्न: मी स्वतंत्रपणे व्हिडिओ चित्रीकरणाची कामं करतो. महिन्याला सरासरी सहा दिवस काम मिळतं. त्यातले तीन दिवस ट्रायपॉड चालत नाही, कॅमेरा हातातच धरावा लागतो. कॅमेरा मिररलेस आहे, लेन्स ऑटोफोकसच्या. संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं आणि फुटेज हलतं, म्हणून शोल्डर रिग, म्हणजे कॅमेरा खांद्यावर टेकवून धरायची चौकट, घ्यायची आहे. सगळ्यात स्वस्त रिग माझ्या अर्ध्या दिवसाच्या मानधनात येते, मधली अडीच दिवसांच्या. फॉलो फोकस आणि मॅट बॉक्ससह पूर्ण सेट नऊ दिवसांचा आहे. बारा हप्त्यांत घेतला तर व्याज आणि शुल्क धरून दहा दिवसांचा पडतो. मधल्या दर्जाची रिग भाड्याने घेतली तर दिवसाला मानधनाचा बारावा हिस्सा जातो. बचत दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. पूर्ण सेट एकदाच घेऊन मोकळं व्हावं का?

उत्तर: सगळे आकडे मानधनाच्या दिवसांत दिलेत हे फार बरं केलंत, मीही त्याच मापाने बोलतो. पूर्ण सेट घेऊ नका. मधली रिग घ्या, पण आज नाही. दोन महिने भाड्याने वापरा आणि मग रोखीने घ्या.

आधी हप्त्याचं बघू. दहा दिवसांचे बारा भाग म्हणजे दर महिन्याला एका दिवसापेक्षा जरा कमी. सहा दिवस काम असलेल्या महिन्यात तो कमाईचा सातवा हिस्सा होतो आणि जाणवतही नाही. पण सरासरी सहा दिवस म्हणजे कधी दहा आणि कधी दोन. दोनच दिवस काम मिळालेल्या महिन्यात हाच हप्ता कमाईच्या चाळीस टक्क्यांवर जातो, आणि तेव्हा हात घालायला तुमच्याकडे दोनच महिन्यांची बचत आहे. पगारदाराला तीन महिन्यांचा निधी कसाबसा चालून जातो. ज्याचं काम असं वरखाली होतं, त्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं मी सांगतो. तुम्ही अजून तिथे पोहोचलेला नाहीत, त्यामुळे बचतीला हात नाही आणि नवं कर्जही नाही. हा भाग माझ्या दृष्टीने वादाचा नाही.

समजा पैसे हातात असते, तरी मी या सेटला नाही म्हटलं असतं. त्यातल्या फॉलो फोकस आणि मॅट बॉक्स या दोन गोष्टींचा तुमच्या कामाला फारसा उपयोग नाही. फॉलो फोकस दात्यांच्या चाकाने लेन्सची फोकस रिंग फिरवतो. ती रिंग ठरावीक अंतरावर फिरवली की दर वेळी त्याच जागी फोकस यायला हवा, तरच चाकावर केलेल्या खुणा कामी येतात. मिररलेसच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्समध्ये रिंगचा आतल्या काचांशी थेट संबंध नसतो. ती मोटरला फक्त इशारा देते, आणि पुष्कळदा किती वेगाने फिरवली यावरही फोकस बदलतो. तिथे खुणांना अर्थ राहत नाही. शिवाय हाताने धरलेल्या धावत्या चित्रीकरणात तुम्ही कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसवरच विसंबणार. मॅट बॉक्स तिरपा उजेड अडवतो आणि चौकोनी फिल्टर धरतो. लेन्सचं हूड आणि पुढे फिरवून बसवायचा, उजेड हवा तेवढा कमी करणारा एक व्हेरिएबल एनडी फिल्टर तुमचं बहुतेक काम भागवतो. मॅट बॉक्स पाहून ग्राहकावर छाप पडते हे मी नाकारत नाही, तोही धंद्याचा भाग आहे. पण त्या छापेमुळे दर वाढवून मिळतो का, हे एखाद्या मोठ्या कामाला पूर्ण सेट एका दिवसाच्या भाड्याने आणून आणि दरपत्रकात थोडी वाढ करून स्वस्तात तपासता येतं.

आता अर्ध्या दिवसाच्या मानधनात येणारी रिग. इतक्या किमतीच्या रिगमध्ये क्लॅम्प बहुधा प्लास्टिकचे असतात, हँडलचे सांधे वजनाखाली हळूहळू फिरतात आणि कॅमेरा धरणारी प्लेट एका स्क्रूवर असते. फुटेज हलण्याचं तुमचं दुखणं अशा ढिल्या सांध्यांनी बरं होणार नाही. त्याहून मोठी भीती कॅमेऱ्याची. या रिगच्या कित्येक पट किमतीचा ऐवज तुम्ही त्या प्लेटवर ठेवणार. हँडलवर, पॅडच्या कापडावर हवी तेवढी काटकसर करा. क्विक रिलीज प्लेट, म्हणजे कॅमेरा खटक्याने लावता-काढता येणारी प्लेट, मात्र धातूची आणि चुकून खटका दाबला तरी कॅमेरा न सोडणारी हवी.

मधली रिग घेतानाही एक हिशोब आधी करायला हवा. कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलो धरा. मागचा स्क्रीन दिसावा म्हणून कॅमेरा खांद्यापुढे २५ सेंटिमीटरवर ठेवावा लागतो. तराजूच्या हिशोबाने, खांद्यामागे ३० सेंटिमीटरवर सव्वा किलो वजन लावलं तरच तोल साधतो. ते लावलं नाही तर पुढचा भार हातांवरच येतो, मनगटाचं दुखणं फार तर दंडात सरकतं. लावलं, तर रिगच्या स्वतःच्या वजनासह खांद्यावर चार किलोच्या आसपास भार येतो. स्वस्त रिग घेऊन ती कोपऱ्यात टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं गणित इथेच फसतं, असं माझं निरीक्षण आहे. वजनाचे पैसे त्यांनी मोजलेलेच नसतात.

उपाय आहे, पण त्याला पैसे लागतात. पुढे एक लहान मॉनिटर लावला की मागच्या स्क्रीनची गरज संपते आणि कॅमेरा मागे सरकवता येतो. तो १० सेंटिमीटरवर आला आणि ३०० ग्रॅमचा मॉनिटर २५ सेंटिमीटरवर राहिला, तर मागे पाऊण किलो पुरतं. बऱ्याच व्ही-माउंट बॅटऱ्यांचं, म्हणजे मागे प्लेटवर अडकवायच्या मोठ्या कॅमेरा-बॅटऱ्यांचं, वजन याच्या जवळपास असतं. म्हणजे नुसता लोखंडी तुकडा वाहण्याऐवजी मागचं वजनच कॅमेऱ्याला आणि मॉनिटरला वीज देईल. बातमीदारीचे मोठे खांद्यावरचे कॅमेरे पूर्वीपासून असेच घडवलेले आहेत, बॅटरी मागे आणि व्ह्यूफाइंडर पुढे. बॅटरी १०० वॉट-तासांच्या आतली घ्या, त्याहून मोठीला विमानप्रवासात एअरलाइनची परवानगी लागते.

तेव्हा अडीच दिवस ही खरी किंमत नाही. मॉनिटर, त्याची केबल, बॅटरी आणि तिची प्लेट यांचे भाव काढा आणि तो आकडा शेजारी लिहा. तो पाहून घाबरून जाऊ नका, कारण सगळं एकदम घ्यायचं नाहीये. त्यासाठी रिग प्रमाणित मापाची हवी: रॉड १५ मिलिमीटर जाडीचे, दोन रॉडच्या मध्यांमधलं अंतर ६० मिलिमीटर, जोडण्याची भोकं पाव इंची आणि ३/८ इंची स्क्रूची. या मापात कोणत्याही कंपनीचा पुढचा भाग बसतो आणि विकायला काढली तर गिऱ्हाईकही मिळतं. फक्त स्वतःचेच भाग चालणारी रिग कितीही स्वस्त असली तरी पुढच्या प्रत्येक खरेदीत तुम्हाला बांधून ठेवते.

भाडं की खरेदी? अडीच दिवसांची रिग म्हणजे तीस दिवसांचं भाडं. तुम्हाला महिन्याला तीन दिवस लागते, म्हणजे दहा महिन्यांनी खरेदी वसूल. पुढे ती निम्म्या किमतीला विकली गेली असं धरलं तर पाचच महिन्यांनी. एवढी जमेची बाजू असताना खरेदी योग्यच आहे. तरी पहिले दोन महिने भाड्याने घ्या म्हणतो, कारण एक गोष्ट कागदावर कळत नाही. शोल्डर रिग हातांची बारीक थरथर कमी करते, चालताना पावलागणिक होणारी वरखाली उसळी नाही. तुमचं हलणारं फुटेज चालतानाचं असेल तर तुम्हाला मोटरने कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल हवा आहे, आणि एका जागी उभं राहून तासभर भाषण टिपतानाचं असेल तर कदाचित एका पायाच्या मोनोपॉडवरच काम होईल, तोही खूप कमी पैशांत. दोन महिन्यांचं भाडं मिळून अर्ध्या दिवसाचं मानधन. चुकीची वस्तू टाळण्यासाठी एवढा खर्च मला मान्य आहे.

त्याच काळात प्रत्येक दिवसाच्या मानधनातला पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. महिन्याला सहा दिवस काम झालं तर दोन महिन्यांत जवळपास अडीच दिवसांची रक्कम जमते. त्यातून रिग घ्या आणि सवय मोडू नका, पुढच्या रकमेतून मॉनिटर, मग बॅटरी. तोवर मागे वाळूची लहान पिशवी घट्ट बांधली तरी तोल साधतो, दिसायला वाईट दिसेल इतकंच. हे भाग झाले की तो पाचवा हिस्सा थांबवू नका, आपत्कालीन निधीकडे वळवा.

जुनी रिग मिळत असेल तर जरूर बघा. अॅल्युमिनियमच्या रॉडमध्ये खराब होण्यासारखं थोडंच असतं. बघायला जाताना स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स बरोबर न्या, लावून दहा मिनिटं खांद्यावर धरा, मग हँडल जोरात दाबून बघा. सांधा सरकला, तर तो भाग नवा घ्यायचे पैसे किमतीतून वजा करून मागा.