मेनूकार्ड छापण्याआधी

प्रिय मित्रा,

तारकर्लीतल्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणार, सोबत जेवणही देणार, हे वाचून आनंद झाला. पण पाठवलेलं मेनूकार्ड मात्र छापू नकोस. ७४ पदार्थ, त्यात पनीर आणि नूडल्स. चुलीपाशी दोन माणसं असताना यातलं निम्मं फ्रीजमधून काढावं लागेल. पाहुणा पुण्या-मुंबईहून येतो तो तुझ्या घरी आज काय शिजलंय ते खायला. कार्डाऐवजी दारात पाटी लाव आणि रोज सकाळी लिलावावरून किंवा रापणीवरून (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी) आलास की तीवर आजची मासळी आणि आजचा दर लिही. मासळीचा भाव रोज हलतो. छापील दर पाळायला गेलास की एक तर तोटा सोसशील, नाहीतर बर्फातला मासा वाढशील.

पाटीवर नावं इथलीच असू देत. सुरमई लिहायची तर शेजारी ‘इसवण’ही लिही. सगळे सुरमई-पापलेटच मागतात, कारण त्यांना दुसरी नावं कोणी सांगितलेलीच नसतात. पेडवे, सौंदाळे, मुडदुशे स्वस्त असतात, ताजे मिळतात आणि चवीला कुठेच कमी नाहीत. कर्लीला काटे फार, ते आधी सांग आणि कसे काढायचे ते ताटापाशी उभं राहून दाखव.

बांगड्याचं तिखलं (तिखट, दाटसर कालवण) तुझी ओळख होऊ शकतं, पण तिरफळं, म्हणजे त्यातली ती मसाल्याची सुकी फळं, नीट वापरलीस तरच. सहा बांगड्यांना आठ-दहा सुकी तिरफळं पुरतात. आतली काळी बी काढून टाक, सालं किंचित ठेचून घे आणि कालवण उतरवायच्या पाच मिनिटं आधी घाल. वाटपात वाटलीस तर सगळं कडवट होतं आणि ते मग सुधारत नाही. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं असतं, हे पाहुण्याला सांगितलंच पाहिजे. जीभ बधिर झाली की नवखा माणूस घाबरतो.

सोलकढीत तर हमखास चुकतं. एका मोठ्या नारळाचं पहिलं आणि दुसरं दूध मिळून पाऊण लिटर धर. त्याला चार-पाच चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस), दोन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची. आगळात मीठ असतंच, म्हणून चाखल्याशिवाय वरून मीठ घालू नकोस. सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवलीस तर खोबऱ्याची चरबी थिजून वर कवड्या येतात, आणि बाहेर ठेवलीस तर मे महिन्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबते. दूध आणि आगळ वेगळं ठेव, पानं मांडायच्या अर्धा तास आधी एकत्र कर. खरा रंग फिकट, जांभळट गुलाबी. भडक दिसावी म्हणून रंग किंवा बीट घालू नकोस. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या दारात पिकणाऱ्या फळाचा खरा रंग पाहुण्याला इथे नाही दिसला तर कुठे दिसणार?

मालवणी वड्यांचं पीठ घरचंच हवं: १ किलो जाडे तांदूळ, पाव किलो उडीद डाळ, १०० ग्रॅम चणाडाळ, मूठभर धणे, दोन चमचे मेथी. घरोघरी हे थोडं बदलतं, तू तुझ्या आईचं प्रमाण धर. दळण भरड सांग. पीठ मऊ दळलं की वडे चामट होतात. कोमट पाण्यात मळून दोन-तीन तास झाकून ठेव, नाहीतर फुगणार नाहीत.

पावसाळ्याचा विचार आत्ताच कर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाहेरून आलेला बर्फातला मासा ‘ताजा’ म्हणून खपवलास तर त्या पाहुण्याचा तुझ्या पाटीवरचा विश्वास उडेल. तेव्हा पाटीवर सरळ ‘मासेबंदी’ लिही आणि सुक्या बांगड्याची किसमूर (ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर), गोलमा (सुकी बारीक कोळंबी), टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या घातलेली आमटी वाढ. श्रावणात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. शाकाहारी पाहुण्यालाही हे सांबारं-आंबोळ्याच दे, त्याच्यासाठी पनीर आणायची गरज नाही. ओल्या काजूगरांची उसळ मात्र मार्च ते मे एवढीच. पुढे कोणी मागितली तर ‘हंगाम संपला, मार्चमध्ये या’ असंच सांग. त्या एका वाक्यावर पुढच्या वर्षीची खोली भरते.

मसाला वर्षाचा एकदमच करायचा, मिरची एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाळवून. ओल राहिली तर पावसात बुरशी धरते. पाहुणे जाताना मसाला मागतातच, म्हणून दोन किलो जास्त कर, पाव किलोच्या पिशव्या भर आणि वर केल्याची तारीख घाल. विकण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घे, जेवणालाही ती लागतेच.

पहिल्या आठवड्याच्या पाटीचे फोटो पाठव. मासे कोणते घेतलेस आणि ताटात काय उरलं, दोन्ही कळव.

तुझा,
काका